बाहीचा तुकडा

चिंबोते,
गुरुवार, १९ मार्च १९८७

प्रिय एदेलमीराताईस,

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच डावीकडे झुकतं. आईची तब्येत बरी आहे. दोन वेळा जेवते, धक्क्यावर जाणं बंद केलं आहे. मासळीच्या तेलाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, माझं काम चालू आहे. या महिन्यात माल भरपूर, वास नेहमीचा.

तू लिहिलंस ते मी चारदा वाचलं. तीन मंगळवार, दुपारी चारच्या सुमारास, लिमातल्या तुझ्या दुकानासमोरच्या बसथांब्यावर बाबा उभे असतात. बस येते, जाते. ते चढत नाहीत. अंगात बोटीवरचं निळं जाकीट. ‘उजवी बाही मनगटापाशी आखूड आहे, कुणी मोजून कापल्यासारखी,’ असं लिहून तू विचारलंस, दुःखाने माणसाला भास होतात का.

होत असतील. पण बाहीचा भास तुला व्हायचं कारण नाही. ती गोष्ट फक्त मला माहीत आहे.

क्रमाने सांगते. नऊ डिसेंबरला बाबांची बोट बुडाली, सहाही माणसांसकट. चाळीस दिवस आई सकाळी काही न खाता धक्क्यावर जाऊन उभी राहायची. अठरा जानेवारीला एक जाकीट किनाऱ्याला लागलं. सहाही जणांची जाकिटं सारखी होती. या जाकिटाच्या उजव्या बाहीवर तेलाचा डाग होता. बाबा इंजिनवर, त्यांच्या कपड्यांना डिझेल. बाकीचे पाच मासळीत, त्यांच्या कपड्यांना मासळीचं तेल. पण इतके दिवस खाऱ्या पाण्यात राहिल्यावर वासाने काही कळत नव्हतं.

“तुझ्या बाटल्यांना विचार,” आई म्हणाली.

“बाटल्यांनाच विचारायचं तर ही कॉलेजात कशाला गेली?” फोर्तुनातामावशी म्हणाली. “मी नुसतं हुंगून सांगते, भाऊजींचंच आहे.”

“तू गप गं. तुला पाद्र्याच्या झग्यालाही डिझेलचा वास येतो.”

कापसाने डाग टिपून घेते, असं सांगून मी जाकीट आतल्या खोलीत नेलं. कापसावर पुरेसं येईना. मी बाही चार बोटं कापली, कडा आत दुमडून टाके घातले. गेलेल्या माणसाचा कपडा अखंड धुवायचा असतो, हे मला माहीत होतं. तरी कापली, आणि तुकडा प्रयोगशाळेत नेला.

चाचणी सोपी आहे. डागातलं तेल द्रावकात उतरवायचं आणि त्यात ब्रोमीनचे तांबूस थेंब सोडायचे. मासळीचं तेल असंतृप्त असतं, ते ब्रोमीन स्वतःत ओढून घेतं आणि रंग नाहीसा होतो. डिझेलमध्ये रंग टिकतो.

रंग नाहीसा झाला.

म्हणजे जाकीट बाबांचं नव्हतं, आणि आई उद्याही धक्क्यावर जाणार होती. मी घरी आले आणि म्हणाले, “रंग टिकला. डिझेल आहे. बाबांचंच.”

आई भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, “मक्याचं सूप उरलंय का थोडं?”

पाचव्या दिवशी सांता नदीवर रीतीप्रमाणे जाकीट धुतलं, वाळवलं, जाळलं. कपडा धुतल्याशिवाय गेलेल्याचा जीव इथून निघत नाही, हे तुला सांगायला नको. तीस माणसं होती. तू नव्हतीस.

उरलेला तुकडा मी सुकवून बुचाच्या बाटलीत ठेवला. वजन शून्य पूर्णांक ब्याऐंशी ग्रॅम, वहीत लिहिलेलं आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून बाटली आतून ओली दिसू लागली. दर बुधवारी सकाळी तुकडा आधीपेक्षा जड भरतो. काल एक पूर्णांक चौतीस होता. बुचाला चीर नाही. आतलं पाणी खारट आहे. तुझ्या पत्रातल्या मंगळवारांच्या तारखा मी वहीशी ताडून पाहिल्या. याहून जास्त लिहिणार नाही.

काल मी चाचणी पुन्हा केली. त्याचं कारण मला लाज वाटण्यासारखं आहे. आपल्या गावात वर्षातले बहुतेक दिवस आकाश राखाडी असतं, म्हणून प्रयोगशाळेच्या खिडकीला पडदा नाही आणि तो कुणी मागितलाही नाही. जानेवारीतल्या त्या दिवशी मात्र लख्ख ऊन होतं, आणि मी खिडकीशीच उभी होते. उन्हात डिझेलमध्येही हा रंग जातो, फक्त सावकाश. त्या दिवशी तो लगेच गेला की सावकाश, ते मला सांगता येत नाही. सगळ्याची वेळ मोजणारी मी, थेंब टाकून तोंड फिरवून उभी राहिले होते.

काल दोन नळ्या बंद कपाटात ठेवल्या. मासळीच्या तेलाच्या नळीतला रंग झाकण लावायच्या आधीच गेला. तुकड्याच्या नळीत दहा मिनिटांनंतरही तसाच होता.

तेव्हा मी आईला खोटं म्हणून सांगितलं ते खरं होतं. बाबा गेले. त्यांचंच जाकीट आपण धुतलं, फक्त सगळं नाही.

तू लिमाला निघालीस तेव्हा त्यांनी अबोला धरला, आणि तूही तो मोडला नाहीस. आता आई इथे आहे, तुकडा माझ्याकडे आहे, तरी ते जाऊन उभे राहतात तुझ्या दारासमोर. तू रस्ता ओलांडत नाहीस, म्हणून बस सोडत राहतात, असं मला वाटतं. हे मी सिद्ध करू शकत नाही.

तुकडा मला आजच धुता आला असता. धुतला नाही. पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे, शनिवारपर्यंत तुला मिळेल. बुधवारी सकाळी आठ वाजता मी नदीवर असेन, आणि त्यानंतर थांब्यावर कुणी दिसणार नाही. एक मंगळवार तुझ्यासाठी ठेवला आहे. काय बोलायचं ते बोलून घे.

त्यांनी बाहीबद्दल विचारलं, तर माझं नाव सांग.

तुझी धाकटी,
नेलिडा