बाजू संपल्यावरची खरखर

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

चिरंजीव शहाण्यास,

आशीर्वाद आहेतच, ते काही माझ्या रागावर अवलंबून नसतात. सूनबाईचा खोकला कमी झाला का? तिला गरम पाणी प्यायला सांग, आणि तूही फ्रीजमधलं पिणं बंद कर. इथे गॅलरीतला गळका पाइप एकदाचा दुरुस्त झाला. फोनवर तू ‘हो आई, हो आई’ म्हणतोस आणि मागे तुझी बोटं टकटक करत असतात, म्हणून आज कागदावर लिहिते आहे.

तर, कॉम्प्युटरवर गाणी लावायच्या तुझ्या त्या नव्या प्लेअरबद्दल.

काय गरज होती रे? मी तक्रार केली होती का? एवढंच म्हणाले होते की कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लागतो. तर तू तिकडे बसल्या बसल्या इंटरनेटवरून ह्याच्यात शिरलास. मी इथे खुर्चीत बसून बघतेय आणि पडद्यावर बाण आपला आपण फिरतोय, हे उघड, ते पूस. आमचा जुना करडा प्लेअर, चार बटणांचा, डोळे मिटून चालवता येणारा, तो पुसलास. वर म्हणतोस, ‘आई, तो कुठल्या जमान्यातला होता गं!’ अरे, मीही त्याच जमान्यातली आहे. मलाही पुसतोस का?

नवा आला तो नटूनथटून. गायकांचे फोटो काय, रंग काय, ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून भलतीच गाणी काय! माझ्यासाठी खास काय आहे, हे त्या डब्याला कोणी सांगितलं? आणि एक बटण जागेवर सापडेल तर शपथ.

तेही सोसलं असतं. पण एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्या अंगावर चढतं. तुला विचारलं तर म्हणालास, ‘ते फीचर आहे आई, मधली शांतता आपोआप कापली जाते. रिकामं ऐकायचं कशाला?’

रिकामं!

बाबांनी आपल्या गाण्यांच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर चढवल्या तेव्हा तू कॉलेजात होतास, तुला लक्ष द्यायला वेळ नव्हता. अख्खी बाजू एका दमात चढवायची, मधे हात लावायचा नाही, ही त्यांची पद्धत. बाजू संपल्यावरची खरखर ठेवली, आणि शेवटी टेपरेकॉर्डरचं बटण वर उडाल्याचा ‘खट’ आवाज, तोही माइक लावून घेतला. मीच म्हणाले होते, तेवढं कापून टाका की. तर म्हणाले, ‘असू दे. तेवढ्यात माणूस पाणी पितो.’ जन्मभर कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात उभा राहिलेला माणूस, त्याला ती खरखरसुद्धा गोड लागायची.

रोज संध्याकाळी ते खुर्चीत बसून ऐकतात, मी स्वयंपाकघरात असते. बाजू संपते, खरखर होते, खट होतं, आणि बाहेरून हाक येते, ‘अगं, बाजू बदल.’ बदलायचं काहीच नसतं, दुसरी बाजू आपोआप लागते. तरी मी ओले हात पुसत जाते, कॉम्प्युटरला उगाच बोट लावते आणि म्हणते, ‘बदलली हं.’ ते मान हलवतात. मी परत आत येते.

तुझ्या प्लेअरने खरखर कापली आणि त्या खटचंही मातेरं केलं. आता बाजू कधी संपली ते कळतच नाही. ते हात अर्धा उचलून बसतात, काहीतरी म्हणायचं असतं, तेवढ्यात पुढचं गाणं सुरू. मग चिडतात. उठून दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासत राहतात.

तू म्हणशील, एवढ्याशा गोष्टीचा केवढा हा आकांत. मग ऐक. फोनवर मी ‘बाबा बरे आहेत, थोडं विसरतात’ म्हणते ना, ते थोडं नाही. उन्हाळ्यापासून ते मला ‘बाई’ म्हणतात. अहोजाहो करतात. ‘बाई, तुम्हाला घरी जायला उशीर नाही ना होत?’ अशी चौकशी करतात, फार सभ्यपणे. मी म्हणते, निघेन हं. माझ्याच घरात दिवसभर मी परकी. फक्त त्या खटनंतरची ती हाक तेवढी माझी होती. तेवढ्यापुरती मी त्यांची बायको होते. आणि तू म्हणे रिकामं कापलंस!

शेवटी परवा मीच चष्मा लावून बसले. हे दाब, ते दाब, दोनदा सगळं इंग्रजीत गेलं, एकदा नुसता काळा पडदा. पण सापडलं. सेटिंगच्या पार पोटात ‘शांतता वगळा’ म्हणून होतं, ते बंद केलं. गाणी एकमेकांवर चढणंही बंद केलं. कुणाच्या मदतीशिवाय.

संध्याकाळी नेहमीची गाणी लावली. बाजू संपली. खरखर झाली. खट झालं. मी ओले हात तसेच घेऊन दारात उभी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसतात तसे हसले, आणि म्हणाले, ‘बाई, जरा बाजू बदलता का?’

बदलली. काय करणार?

हे तुझ्यामुळे झालं की होणारच होतं, देव जाणे. डॉक्टर म्हणतील, होणारच होतं. पण तुझा प्लेअर आल्यापासूनचे हे मधले दिवस माझे होते रे. तेवढ्या हाका मला अजून मिळाल्या असत्या. त्याचा राग मी कुणावर काढू? तुझ्यावरच काढणार, दुसरं आहे कोण?

आता जुना प्लेअर परत टाकून देतो म्हणून कॉम्प्युटरमधून येऊ नकोस. इंटरनेटची वायर मी काढून कपाटात ठेवली आहे. आमची गाणी तिच्याशिवाय लागतात. यायचं तर दारातून ये. बेल वाजव. दार बाबाच उघडतील आणि विचारतील, ‘कोण पाहिजे आपल्याला?’ तेव्हा मान खाली घालू नकोस, पाय मागे घेऊ नकोस. नाव सांग, आत ये आणि त्यांच्या शेजारी बसून एक बाजू पूर्ण ऐक. शेवटच्या खटपर्यंत.

मी आत स्वयंपाकघरात असेन.

तुला तरी ओळखू येणारी,
तुझी आई