बारा शब्दांची किल्ली

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेला बॅकअपवाला येऊन गेला. कोट कडक, बोलणं मऊ. आपल्या कार्यशाळेतली सगळी मापं रोज आपोआप त्यांच्या संगणकावर जातील म्हणाला. तिथे ती उघडणार कोण, असं विचारलं तर नुसता हसला. अरे, एकोणीसशे माणसं आपण बनवलेल्या कृत्रिम पायांवर उभी आहेत. पाय झिजला की याच मापावरून नवा होतो. त्यांनी आपली दुखणी मला सांगितली आहेत, बाजाराला नाही! दोन वर्षांपूर्वी कार्यशाळा मोठ्या कंपनीला द्या म्हणणारा तूच. हा त्यांचाच माणूस नाही ना?

लोभ आहे, वाढवायचा का, ते उत्तर वाचून ठरवीन.
ताई

१० मार्च

ती. ताईस शि. सा. न.

तू आपल्या सावलीकडेही ओळखपत्र मागशील. तो कुणाचाच नाही. नको असेल तर घेऊ नकोस, पण कुणालाही घेण्याआधी एक माप पुसून दुसऱ्या संगणकावर परत आणायला लाव. आणि मापं आपल्याकडून निघतानाच त्यांना कुलूप लागतं का, किल्ली कुणाकडे, तेही विचार. दोन एप्रिलला तुझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून घाई. पाय घडवणाऱ्या आपल्या मिस्त्रींना विश्वासात घे. त्या कंपनीच्या प्रकरणापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, तरी सांगतो.

रागावलीस तरी पत्र पाठव.
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तिघांना पारखलं. माप पुसायची वेळ आली तशी कोटवाल्याला फोन करायची आठवण झाली. गेला तो गेलाच. दुसऱ्याने फाइल आणली, आत काहीच नाही. तिसरीने अकरा मिनिटांत जुन्या लॅपटॉपवर अख्खा पाय उभा केला. कुलूप इथेच लागतं, तिच्या कंपनीलाही उघडत नाही. किल्ली हरवली तर मात्र सगळं गेलं. तीच घेतली.

किल्ली बारा शब्दांची आहे. पहिले सहा सोबतच्या चिठ्ठीत, उरलेले मिस्त्रींकडे. एकट्या तुझ्यावर माझा विश्वास नाही, एकट्या त्यांच्यावरही नाही. मी परतले नाही तर दोघांना एका टेबलाशी बसावं लागेल.

ही व्यवस्था गोड मानून घ्यावी.
ताई

२७ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

काल कार्यशाळेत जाऊन आलो. मिस्त्रींनी बराच वेळ दारात उभं केलं. मग, बाईंनी या वयात आपली शाळा भरवली, एवढं म्हणून खुर्ची सरकवली. आपापले शब्द तळहाताआड धरून संगणकात भरले. पोस्टातल्या बाईंचा डावा पाय उघडला. टाचेला कुठे मऊ लागतं ते मिस्त्री दाखवत राहिले, दोन तास बोललो. त्या बोलण्यात हात बाजूला झाले. आता बाराही शब्द दोघांना ठाऊक आहेत. तुझ्यापासून लपवणं बरं नाही. ऑपरेशनच्या आधी किल्ली बदल.

तब्येतीची काळजी आहे, ती आम्हाला करू दे.
धाकटा

१ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

किल्ली बदलायला संगणक सुरू केला होता. बंद केला. तीच राहू दे.

चिठ्ठी हातोहात पाठवते आहे. उद्या सकाळी आठला इस्पितळात ये, मिस्त्रींना घेऊन.
ताई