कान देण्याचा तास

१२ जानेवारी

चि. टिटवीस मामाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

हल्ली दुपारी डोळा लागला की शाळेतला एक आवाज ऐकू येतो. कविता वाचून झाली की गुरुजी पुस्तक मिटून वेताच्या खुर्चीत बसायचे. ती एकदाच करकरायची, आणि मग वर्गात सामसूम. तुझं पत्र हाती आलं तेव्हाही अशीच तंद्री लागली होती.

जनावरांचे डॉक्टर घडवणाऱ्या मास्तरांनाही आता शिकवतात, तेही नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी, हे वाचून तुझा हेवा वाटला. तू शिकवतेस त्याच कॉलेजात माझी हयात गेली. पण शिकवावं कसं, ते मला कुणी म्हणून सांगितलं नाही. फळ्यासमोर उभं केलं, झालं. मामी म्हणते, टिटवीला बोलायचं शिक्षण कशाला, गप्प बसायचा वर्ग असेल तर बघा म्हणावं.

लोभ आहेच, तो पत्रं लिहून वाढव.
तुझा मामा

२० मार्च

ती. मामांना शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मामीचं बोलणं खरं ठरलं. काल माझा गोठ्यातला तास तपासायला आमच्या शिक्षणवर्गाच्या बाई आल्या होत्या. गायीच्या डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावून कोटीपोटाची, म्हणजे तिच्या सगळ्यात मोठ्या पोटाची, हालचाल ऐकायची, हा विषय. मी भरपूर समजावलं, एकेकाच्या कानात नळ्या घातल्या, ऐकू आलं का विचारलं. सगळे हो म्हणाले. तास वेळेत संपला म्हणून मी खूश. मग बाईंनी मुलांना विचारलं, आवाज कसा होता? सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मामा, पोटाच्या हालचालीची ती लाट मिनिटाभरात एक-दोनदाच येते, हे मला का ठाऊक नाही? तरी मी एकेकाला दोन क्षण दिले. कुणीच काही ऐकलं नव्हतं.

आता एकच संधी उरली. तीही हुकली तर पदविका गेली, आणि तिच्यावाचून कॉलेज मला कायम करणार नाही, परत दवाखान्यात. खरं सांगू, त्याआधीच नाव काढून घ्यावंसं वाटतंय. जीव मेटाकुटीला आलाय. रागावू नका, माया असू द्या.
टिटवी

२६ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावलो नाही, हसलो. मामीने डोळे वटारले म्हणून थांबलो.

अगं, त्या खुर्चीचं पुढचं सांगायचं राहिलंच. गुरुजी बसले की अर्थ सांगायचे नाहीत. खिडकीबाहेर बघत राहायचे. आम्ही चुळबुळायचो, एकमेकांना कोपरं मारायचो. शेवटी एरवी तोंड न उघडणारं मागच्या बाकावरचं कुणीतरी म्हणायचं, गुरुजी, ही नदी दमलेली वाटते. गुरुजींचा चेहरा असा उजळायचा की आम्हा सगळ्यांनाच ती नदी दिसायला लागायची. गाय तरी काय वेगळी? तिलाही तिच्या वेळेनं बोलू दे. तू तोंडाला कुलूप लाव. नाव मात्र काढू नकोस, एवढं म्हाताऱ्याचं ऐक.

मामीचा आणि माझा लोभ तुझ्या पाठीशी.
मामा

१८ एप्रिल

ती. मामांना आणि मामीला शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

कुलूप लावलं. एकेकाला गायीपाशी उभं केलं आणि मी गवताच्या गठ्ठ्यावर बसले. शांतता नुसती खायला उठली होती. गाय रवंथ करतेय, बाई भिंतीला टेकलेल्या. बराच वेळ काही नाही. मग पहिल्या मुलीच्या भुवया वर गेल्या. म्हणाली, लांब कुणीतरी जड कपाट सरकवतंय. दुसऱ्याला ढग ऐकू आले, तिसऱ्याला आजोबांचं घोरणं. एकाने सरळ सांगितलं की मला काहीच ऐकू आलं नाही, आणखी थांबू का? मामा, मी नुसती मान हलवली.

निम्म्यांचा नंबर लागायच्या आत तास संपला. बाई वही मिटून निघून गेल्या. म्हटलं, बुडालं आपलं तारू. तरी गोठ्यातच हे लिहायला बसले, कारण निकाल काहीही लागो, आज मी शिकवलं. तुमचे आणि तुमच्या गुरुजींचे हे उपकार मी फेडणार नाही, जन्मभर वागवीन.

थांबा, दारात कुणीतरी आलंय.

बाईच आहेत, कुणाचे तरी गमबूट घालून. म्हणतात, पास केलंय, कागद सोमवारी मिळेल. पण इतकी वर्षं तास तपासले, गायीचं पोट काही कधी ऐकलं नाही, आज ऐकवता का?