अनास्तासियो चार माणसे मागे होता

मी, फाउस्तिनो लाक्सामाना, वय पासष्ट, अविवाहित, धंदा लाकडाचे संत कोरण्याचा, राहणार लुबाओ, प्रांत पांपांगा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दम लागतो, पण तो छातीचा दोष, अकलेचा नव्हे.

१. पटाश्या, मोगरी आणि रंधा पुतण्या विर्हिलियो याला द्यावा. "काका, हल्ली संत प्लास्टरचे मिळतात," असे तो मला तोंडावर म्हणाला आहे. तरी द्यावा. गंजवलेस तर बघ, म्हणावे.

२. झुंजीचा कोंबडा शेजारी सिप्रियानोला बिलकूल देऊ नये. हरलेला कोंबडा तो त्याच दिवशी शिजवतो.

३. अर्धवट राहिलेला संत रोके चर्चला द्यावा. त्याच्या पायाशी कुत्रा कोरायचा राहिला. संत एकटाच आहे, चालवून घ्यावे. मीही जन्मभर चालवून घेतले.

४. हे घर, परसातल्या आंब्यासह, इलुमिनादा सुंगा हिला द्यावे. ती माझी नात्याची कोणी नाही. पलटणीतला माझा मित्र अनास्तासियो, त्याची बायको. मी तिला वहिनी म्हणतो. घर तिलाच का, हे लिहिणे भाग आहे.

१९४२ च्या एप्रिलात बातानमध्ये आम्ही शरण गेलो आणि जपान्यांनी आम्हाला उन्हातून उत्तरेकडे चालवत नेले. चार दिवस पोटात अन्नाचा कण नाही. ओरानीजवळ पाच जण विहिरीकडे धावले. पाचही जणांना संगिनीने भोसकले आणि आम्हाला तिथेच उन्हात बसवून ते पाणी बघायला लावले. जो पडला त्याला उचलायचे नाही, उचलणाराही मरायचा.

लुबाओत बायका घरच्या पुरुषांचे सदरे पोटाशी धरून रस्त्याकडेला उभ्या होत्या. पहारेकऱ्याची पाठ वळली की एखाद्याला गर्दीत ओढायच्या, सदरा चढवायच्या, की झाला तो गावकरी. वहिनीने मला ओढले. धुळीने सगळ्यांची तोंडे सारखीच झाली होती. झोपडीत माझे तोंड पुसले तेव्हा तिला कळले.

"अगं बाई, तू होय! आमचे हे कुठायत?"

मी म्हणालो, "वहिनी, ओरानीच्या विहिरीवर गेला तो."

खोटे. अनास्तासियो माझ्यामागे चार माणसे सोडून चालत होता. रांग अजून दारासमोरून जातच होती. खरे बोललो असतो तर ती बाहेर धावली असती, पहारेकरी आत आला असता, मी सापडलो असतो. एवढेच कारण, दुसरे नाही. तो मे महिन्यात कापासच्या छावणीत हगवणीने मेला, असे सुटून आलेल्या एकाने मला सांगितले. तेही मी गिळले.

मी मेल्यावर नऊ दिवसांच्या प्रार्थना सुरू होण्याआधी हे तिला वाचून दाखवावे. यायचे की नाही, ते तिने ठरवावे.

पुरवणी. वरचे लिहून झाल्यावर माझीच मला शरम वाटली. मेल्यावर सांगणे म्हणजे पुन्हा लपणेच. म्हणून आज सह्यांसाठी मास्तर आणि चर्चचा सेवक जमले असताना वहिनीला बोलावले आणि सगळे मोठ्याने वाचले.

ती म्हणाली, "चालत होते ना? स्वतःच्या पायांनी?"

"हो, वहिनी."

"एकेचाळीस वर्षं त्या विहिरीवर मेणबत्ती लावतेय मी. भलत्या दिवशी, भलत्या जागी. आणि तू मेल्या, शेजारी उभा राहून काडी ओढून देत होतास!"

तिसरा साक्षीदार अजून आला नव्हता. तिने माझ्या हातातले पेन घेतले.

मास्तर म्हणाले, "बाई, सही करू नका. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. घर जाईल."

"जाऊ दे. घर याचं यालाच लखलाभ. माझा नवरा त्या दिवशी जिवंत होता, असं लिहिलंय ना यात? त्याला साक्ष नको?"

सही करून तिने मास्तरांना कापासची बस किती वाजता असते ते विचारले आणि गेली. मला चल म्हणाली नाही.

सही: फाउस्तिनो लाक्सामाना

साक्षीदार:
१. गौदेन्सियो पांगिलिनान, निवृत्त शिक्षक
२. मेलितोन दिसोन, चर्चचा सेवक
३. इलुमिनादा सुंगा, अनास्तासियोची बायको

लुबाओ, १७ एप्रिल १९८३