डिस्कसची जोडी

आंधळगाव,
जानेवारी १९८४

चि. वनमाला,

नागपूरहून आणलेले दोन डिस्कस मासे दीडशे रुपयांना पडले. खरी किंमत वेगळीच आहे. या माशांना ऊब लागते, म्हणून चुलीवरचं पहिलं गरम पाणी त्यांच्या काचपेटीत जातं आणि मी गार पाण्यानं आंघोळ करतो.

शेजारचा खुशाल विचारतो, "शेटजी, याईचा रस्सा कवा?"

मी म्हटलं, "लेका, नर-मादी एका नजरेत निवडून आणली. बैलाची असो का मानसाची, जोडी मले बरोबर समजते."

तुझ्या लग्नाच्या वेळीही मी हेच बोललो होतो. तुमची जोडी जमणार नाही म्हणालो, आणि तू सुधाकरबरोबर साकोलीला निघून गेलीस.

तुझी आई माशांना खाऊ घालताना पुटपुटते. तिला वाटतं, मला ऐकू येत नाही. काल म्हणाली, "तुमी त पिल्लं दाखवा बाई! वनीचं बाळ त हा मानूस पाहू देऊन नाही राहिला."

बाळ कुणावर गेलं?

आधीच्या दोन पत्रांसारखं हेही बहुधा खिशातच राहील.

तुझा बाप,
श्यामराव

ता. क. माशांनी दोनदा अंडी घातली, पण ती पांढरी पडून वाया गेली, पिल्लं निघालीच नाहीत. नागपूरचा दुकानदार इकडे आला होता, तो पाहून गेला. दोन्ही माद्या आहेत.