शेवटच्या पाळीला घेऊ म्हणालो होतो

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जेरड फरूजा मोकळा झाला! पर्थच्या फुटबॉल क्लबशी करार संपला, नवा करत नाही म्हणाला. "मेलबर्नला घरी जायचंय." सकाळी रेडिओवर ऐकलं. पुढचं वाक्य निवेदकाने खास माझ्यासाठी राखून ठेवलं असावं — "ज्यांनी हातात आलेला सोडला, तेसुद्धा आता त्याच्या दारात रांग लावणार बरं का!"

ते म्हणजे मी. क्लबसाठी पोरं हेरायची, निवडायची, हे काम तेव्हाही माझं होतं, आजही माझंच आहे. मॉरीन टोस्टला लोणी लावत होती. तिने काही न बोलता रेडिओ बंद केला. बायकोने कीव करावी यापेक्षा चार शब्द सुनावलेले बरे.

५ ऑक्टोबर, रविवार

हंगाम संपला की आमच्या लोकांना दुसरा उद्योग नसतो. नवीन कोण येणार यावर थोडी चर्चा, आणि जुन्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवी पोरं निवडायच्या दिवशी, कोणाला सोडलं यावर जन्मभराचं रडगाणं. आज रेडिओवर फूट्सक्रेचा एक गृहस्थ फोन करून नावं वाचत होता. जपमाळ ओढावी तसा! शेवटचं नाव जेरडचं. "नेव्हिल हॅलिनन अजून त्या खुर्चीत कसा?" असं विचारून त्याने फोन ठेवला.

प्रश्न रास्त आहे. मलाही पडतो.

परक्या पोराला सोडलं असतं तर गोष्ट वेगळी. हा सॅवचा मुलगा. बापाने क्लबकडून शंभर सामने खेळले असतील तर मुलावर पहिला हक्क क्लबचा — नियमच आहे. सॅव शंभराच्या कितीतरी पुढे खेळला, आणि बचावाच्या फळीत त्याच्या शेजारी मी. मला फक्त ड्राफ्टच्या आधी पोराचं नाव नोंदवायचं होतं. पण नाव नोंदवलं की एखादा क्लब मुद्दाम बोली लावतो, आणि मग आपली वरची, चांगली पाळी त्या पोरासाठी खर्ची पडते. मला ती पाळी वाचवायची होती.

म्हणून सॅवच्या स्वयंपाकघरात बसलो आणि त्याच्या बायकोच्या, कार्मेनच्या हातचे गरम पास्तित्झी, त्या चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्या, खात खात त्याला अक्कल शिकवली. "बाहेरगावचे क्लब चौकशीला आले तर सांग, पोरगा आईला सोडून राहायचा नाही. दोन वर्षांत पळून येणारं पोर कोण घेतो? कोणी हात लावणार नाही. शेवटच्या पाळीला आम्ही घेऊ."

सॅवने मान हलवली. मला वाटलं, ठरलं.

आमची शेवटची पाळी यायच्या जरासं आधी पर्थने त्याचं नाव पुकारलं. पर्थ! देशाचं दुसरं टोक. टीव्हीवर कार्मेन रडताना दिसली. निवेदक म्हणाला, आनंदाश्रू.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. नऊ वर्षं झाली. सॅव पुन्हा क्लबात आला नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

बैठक. ब्रॉनविन — आमची फुटबॉलची प्रमुख, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि दुप्पट तिखट. ॲडलेडचा उंच गडी आणला, सिडनीचा जुना बचावपटू आणला, दोन्ही सह्या झाल्या. लोक खूश. मग ती माझ्याकडे वळली.

"जेरडसाठी तू जायचंस, नेव."

"मी? मला बघून दार लावून घेतील."

"मग दाराबाहेरून बोल. त्याच्यामागे लागलेले बाकीचे तिन्ही क्लब आपापले कोच पाठवतायत. आपण माफी पाठवू. ती त्यांच्याकडे नाही."

सगळे हसले. मीही हसलो. नंतर स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं. आरशातला म्हातारा माझ्या ओळखीचा होता, पण आवडला नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस लिहू नये असा. तरी लिहितो.

मॉरीनने छतावरचा कूलर दुरुस्त करायला माणूस बोलावला होता. दार उघडलं तर समोर ब्रेडन ओट्स! जेरड हातचा गेल्यावर त्या शेवटच्या पाळीला जो घाईघाईत घेतला, तोच. तीन सामने खेळला आणि गुडघा गेला. मग आम्ही त्याला सोडून दिला. तो निरोपही मीच फोनवर दिला होता — गाडी चालवता चालवता.

"तुमचं घर आहे होय?" तो म्हणाला. मग हसला. चांगलं हसतो.

काम झाल्यावर मॉरीनने थंड बिअर दिली. मागच्या पायरीवर बसून प्यायला. मी उगीच कूलरविषयी विचारत राहिलो. तोच म्हणाला, "फरूजा येतोय म्हणे."

"बघू."

"येऊ दे हो. म्हणजे मी सुटेन. परवा एका बाईच्या घरी गेलो, तिने आधी नाव विचारलं आणि मग म्हणाली, 'अय्या, म्हणजे फरूजाऐवजी घेतला तो तूच का?' तिचा पाइप मी बदलत होतो!"

"लोकांना अक्कल नसते."

"तुम्हीही म्हणालात की. पेपरात. 'फरूजा सोडून ओट्स घेतला, ती त्या वर्षीची माझी सगळ्यात मोठी चूक.' आईने वाचलं ते."

म्हणालो होतो. प्रामाणिकपणाबद्दल माझं कौतुक झालं होतं तेव्हा! चूक कबूल करताना ती चूक दुसऱ्याच्या पोराचं नाव घेऊन फिरतेय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी "ब्रेडन, माझं —" एवढं म्हणालो, तर तो उठला. "राहू दे, नेव. फिल्टर दर वर्षी धुवा मात्र." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सॅवला फोन केला. कार्मेनने उचलला. "रविवारी दुपारी या." ठेवला.

१२ ऑक्टोबर, रविवार

जाऊन आलो.

सेंट ऑल्बन्सचं तेच घर. अंगणात तोच लिंबू, खाली गळालेली लिंबं. दार जेरडने उघडलं. टीव्हीवर दिसतो त्याहून रुंद! "या नेव," म्हणून पाठीवर हात ठेवला. मी रडलो असतो.

सॅव टेबलाच्या टोकाला बसला होता. केस सगळे गेलेत. हात मिळवला, पण नजर टेबलावरच. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. सॅवच्या शिव्या म्हणजे क्लबचं वैभव होतं. एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

शिव्यांचं काम कार्मेनने केलं, तेही शिव्या न देता. सशाचा रस्सा शिजत होता, वास घरभर. तिने सॅवसमोर ताट ठेवलं, जेरडसमोर ठेवलं, स्वतःचं घेतलं. माझ्यापुढे काही नाही. पाणीसुद्धा नाही. त्या घरातून मीटर वाचायला आलेला माणूसही उपाशी गेल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बोला," ती म्हणाली. "तुम्हाला बोलायला आवडतं."

मी बोललो. घोकून नेलेलं भाषण पहिल्याच वाक्यात विसरलो. म्हणालो, जेरड, तुझ्यावर आमचा हक्क होता आणि मी हुशारी करायला गेलो. तू सामान्य वाटलास म्हणून नव्हे. स्वस्तात मिळशील म्हणून. क्लबचं नुकसान झालं ते झालं, पण तुझ्या आईने तुझे आठ वाढदिवस फोनवर साजरे केले, ते माझ्यामुळे.

"नऊ," कार्मेन म्हणाली. "या जूनचा धरून."

जेरड म्हणाला, "आई, पुरे ना. मी तिथे खेळाडू झालो. इथे 'सॅवचा पोरगा' म्हणूनच राहिलो असतो."

"तू जेव," ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळून, "माझी सासू गेली तेव्हा हा विमानात होता. तिने शेवटी याचंच नाव घेतलं. तुमच्या त्या यादीत कुठे लिहितात हो हे?"

मी माफी मागितली. नुसती. क्लबचं नावही घेतलं नाही पुन्हा. सॅव पावाचा तुकडा रश्श्यात बुडवत होता आणि खात नव्हता. निघताना म्हणालो, "येतो, सॅव." त्याने मान वर केली आणि परत खाली घातली. इतका राग! माझ्या लग्नात करवला होता हा माणूस.

ब्रॉनविनला कळवलं — जमणार नाही. दुसरा गडी बघ.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काही नाही. तिन्ही क्लबांचे कोच जाऊन आले. ते जेवूनही आले, असं ऐकतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आला!!

जेरड फरूजा आमचा! दुपारी सही झाली. ब्रॉनविनने मला मिठी मारली, मग स्वतःच लाजली. पत्रकारांनी जेरडला विचारलं, हाच क्लब का? म्हणाला, "बाकीचे मला काय काय देणार ते सांगत होते. एकच माणूस काही न देता आला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. कौतुक अंगाला लागेना.

रेडिओवर फूट्सक्रेचा तोच गृहस्थ. "नेव हॅलिनन, सगळं माफ!" म्हणाला. त्याने माफ करून काय होतं? ज्यांनी करायचं ते दोघं सहीच्या वेळी मागच्या रांगेत होते. कार्मेन माझ्याकडे पाहून कोरडं हसली, तेही फोटोसाठी. सॅव फोटोआधीच बाहेर निघून गेला होता.

मॉरीन म्हणते, आता तरी नीट झोप.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सॅव आज क्लबात आला. एकटा. मला गाठून मैदानाच्या कडेला घेऊन गेला.

"नेव, तेव्हा पर्थवाले घरी आले होते. विचारलं, पोरगा घर सोडून राहील का? मी म्हणालो, आनंदाने राहील. घेऊन जा."

नऊ वर्षं समजत होतो, माझा अंदाज चुकला. अंदाज मुळी चुकलाच नव्हता!

"का, सॅव?"

"तू माझ्या टेबलावर बसून माझ्या पोराचा भाव पाडत होतास, लेका. माझ्याच तोंडून."

सॅवने बुटाच्या टोकाने गवत उकरलं. मग तो म्हणाला, "कार्मेनला ठाऊक नाही. तिला वाटतं, पोर तुझ्यामुळे गेलं. सांगतो तिला आज."

"नको सांगूस," मी म्हणालो. "बरोबरच आहे तिचं."