धाकटीची दहा मीटर तार

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त, माझ्या मागे काय कोणाकडे जावे ते पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. काही वाटते का, हे त्यांनी विचारले नाही.

१. राहते घर वडिलांनी माझ्या नावे केले. ते विकावे असे धाकट्या बहिणीचे म्हणणे होते. मी ऐकले नाही. तेव्हापासून येणे-जाणे, फोन, सगळे बंद. फक्त दर रविवारी दोघी आपापल्या गावच्या बागेत पाच वॅटचा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बोलण्या-ऐकण्याचा बिनतारी संच, घेऊन एकमेकींशी बोलत बसायचो. हवेवर घरचे भांडण काढायचे नाही, एवढे दोघींनी पाळले.

"ताई, आवाज बारीक येतोय. आज कोणता अँटेना?"

"घडीची दांडी. फांदीवर दोरी फेकवत नाही आता."

"असू दे. कळतंय."

घर तिच्या मुलीला, माझ्या भाचीला. तिने विकले तरी हरकत नाही.

२. बहीण गेल्याचे मेहुण्यांनी मला सगळे आटोपल्यावर कळवले. मी गेले, तेव्हा गच्चीत तिच्या अँटेनाच्या तारेवर टॉवेल वाळत होते. मी टॉवेल काढले, तार गुंडाळून पिशवीत घातली.

"ताई, मग टॉवेल कुठे घालू?" मेहुण्यांनी विचारले.

"खुर्चीवर."

रडू आले नाही. अजून आलेले नाही. मेहुण्यांना नायलॉनची नवी दोरी द्यावी, चिमट्यांसकट.

३. बारीक पकडी आणि कानशी माझ्या जुन्या लॅबला. सोल्डरिंग गन मात्र भाचीला लागेल.

४. रेडिओ आणि तिन्ही अँटेना भाचीला, रेडिओवर बोलण्याचा सरकारी परवाना तिच्या हातात आल्यावरच. "मावशी, बाहेर नेताना यातला कोणता नेऊ?" असे तिने विचारले होते. दांडी चटकन उभी राहते, झाड लागत नाही. पण होती नव्हती ती शक्ती स्वतःच खाते. तारेचे कडे बाल्कनीत मावते. मात्र फ्रिक्वेन्सी जरा सरकवली की पुन्हा जुळवत बसा. तिच्या आईच्या तारेला फांदी शोधावी लागते, दोरीचा नेम चुकतो, लोक बघत उभे राहतात. तीच न्यावी.

"पण पलीकडे कोणी नसलं तर?" असेही तिने विचारले होते. गेल्या रविवारी बागेतल्या माळ्याकडून ती तार झाडावर चढवून घेतली आणि बहिणीचे कॉलसाइन, म्हणजे हवेवरचे तिचे परवान्यातले नाव, पुकारले. कोणी अनोळखी गृहस्थ बोलले, "त्या बाई हल्ली ऐकू येत नाहीत. बऱ्या आहेत ना?"

"गेली," मी म्हणाले. मोठ्याने पहिल्यांदाच.

मग ते म्हणाले, "ऐकलं."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही : कवळीवाल्या बाई
साक्षीदार : १. घरचे डॉक्टर (सही) २. खालच्या मजल्यावरचे औषधवाले (सही)
स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : २ मार्च २०२५